तुम्ही बाजाराला कुठं जाता?

आधी माफी मागतो. आपण लिहावं असं काही माझ्यात आहे, असं मला वाटत नाही. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. शहागडला हायवेच्या कडेला माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, टायर पंक्चरचं दुकान आहे. आमच्याकडे लिहिणं म्हणजे ट्यूब पाण्यात बुडवून जिथून बुडबुडे येतात तिथं खडूनं फुली मारणं. तेवढ्या लिहिण्यावर आमचं घर चाललं. त्या घरातल्या मुलानं पानंच्या पानं लिहावीत, आणि तीही एका कंपनीच्या टेलिफोन यंत्रातल्या ओळी वरखाली करण्याबद्दल, याचं माझं मलाच अवघड वाटतं. पण त्या दिवसांत झालेला आनंद माझ्या एकट्याचा नव्हता. म्हणून लिहितो. कुठं चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मी जालन्यात कॉम्प्युटरच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो. या वर्षात काही महिने एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करावं लागतं. वर्गातल्या बहुतेकांनी पुण्याला अर्ज केले होते. मला धीर झाला नाही, आणि जालन्यातल्याच एका बियाणं कंपनीत मला घेतलं. कंपनीच्या पहिल्या मजल्यावर खिडकीला लागून एक लांब टेबल होतं. त्यावर तीन फोन आणि मागे तीन माणसं. बियाणाच्या पिशवीवर एक नंबर छापलेला असायचा. शेतकऱ्यानं तो लावला की उत्तर या टेबलानं द्यायचं. बी किती खोल टाकायचं, उगवण विरळ का झाली, पानं पिवळी का पडली, असे प्रश्न. तिघंही शेतकीची पदवी घेतलेले. दोन सर आणि त्यांच्या प्रमुख एक ताई. खरं तर मी त्यांना मॅडम म्हणायचो, पण दुसऱ्याच दिवशी त्या म्हणाल्या, "मॅडम म्हणलं की मला कुणी तपासणीला आल्यासारखं वाटतं. ताई म्हण."

रुजू झालो त्याच आठवड्यात मला कळलं की हे टेबल बंद होण्याच्या बेतात आहे. कंपनीचं मुख्य ऑफिस हैदराबादला. तिथल्या मोठ्या साहेबांकडे फोनचा अहवाल जायचा, आणि त्यात दिसायचं की जालन्याला येणारे निम्म्याहून जास्त फोन कुणाशीही बोलणं न होता तुटतात. त्यावरून त्यांनी ठरवलं होतं, की यंदाची पेरणी होईपर्यंत बघू, फरक पडला नाही तर सगळे फोन हैदराबादला वळवू आणि इथलं टेबल काढून टाकू. दोन्ही सरांना कदाचित दुसरीकडं बदली मिळाली असती. ताईंचं घर बदनापूरला, घरी शाळेत जाणारी दोन मुलं, रोज रेल्वेनं जाणं-येणं. त्यांना हैदराबाद म्हणजे नोकरी सोडणंच होतं.

"आम्ही फोन उचलत न्हाई म्हणे," ताई हेडफोन गळ्यात अडकवून मला सांगत होत्या. "वाजला तर उचलू ना! दिवसभर बसून राह्यलो आम्ही हितं. फोन वाजतच न्हाई तर काय उचलावं, कप्पाळ?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी एक पूर्ण दिवस त्या टेबलाजवळ स्टूल टाकून बसलो. फोन अधूनमधून वाजायचे आणि वाजला की लगेच उचलले जायचे. तरी संध्याकाळी यंत्राच्या नोंदीत तुटलेल्या फोनची रांग लागलेली. म्हणजे फोन कंपनीपर्यंत येत होते, पण टेबलापर्यंत पोचत नव्हते. मधेच कुठंतरी मरत होते.

ते मधलं यंत्र म्हणजे ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज. जिन्याखालच्या एका कपाटात ठेवलेला चपटा डबा, पण त्याचं सगळं काम कॉम्प्युटरच्या पडद्यावरून चालतं. त्यात एक तक्ता असतो. बाहेरून आलेला फोन कुठं पाठवायचा याचे नियम त्यात एकाखाली एक लिहिलेले असतात. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात आटोपलं, "म्हंजे फाट्यावर उभा माणूस. बीडवाला इकडं, पैठणवाला तिकडं." मी चार दिवस वाचून जे समजून घेतलं होतं ते एवढंच होतं.

हा तक्ता बसवणारा माणूस संभाजीनगरहून यायचा, तोही वर्षातून एखाद्या वेळी. त्यानं बसवताना कंपनीला विचारलं की तुमचे भाग कसे पाडलेत, आणि कंपनीनं तालुक्यांची यादी दिली. त्यात चुकीचं काहीच नव्हतं. कंपनीचे फिरते कर्मचारी, अहवाल, गोदामं, सगळं तालुक्याप्रमाणेच होतं. म्हणून शेतकऱ्यानं फोन लावला की एक रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, 'कृपया आपला तालुका निवडा', आणि मग आठही तालुके एकेक बटणासह वाचून दाखवायचा. नववं बटण इतर जिल्ह्यांसाठी, ते दाबलं की फोन थेट हैदराबादला. काहीच दाबलं नाही तर यादी पुन्हा वाचली जायची, आणि तरीही काही दाबलं नाही तर धन्यवाद म्हणून फोन तुटायचा.

मी नोंदी बघितल्या. जे फोन तुटले त्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी काहीच दाबलेलं नव्हतं. का दाबत नाहीत, हे मात्र नोंदीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी व्यवस्थापक साहेबांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "अरे, लोकांना बटण दाबायचं कळत नाही." मला ते पटलं नाही. आमच्याकडे येणारे लोक मोबाईलवरून पैसे पाठवतात, त्यांना बटण दाबता येत नाही असं कसं होईल? पण उलट बोलण्याची हिंमत झाली नाही. मी हो म्हणून बाहेर आलो.

उत्तर मिळालं ते शहागडला. रविवारी घरी गेलो होतो आणि दुकानात अण्णांना हातभार लावत होतो. गोदावरीच्या पलीकडून एक वयस्कर शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चाक घेऊन आले. अण्णांच्या ओळखीचे, मी त्यांना मामा म्हणतो. अण्णा ट्यूब काढेपर्यंत ते बाजेवर बसले आणि खिशातून बियाणाची रिकामी पिशवी काढून तिच्यावरचा नंबर लावू लागले. आमच्याच कंपनीची पिशवी होती. मी हातातला पाना तसाच धरून बघत राहिलो.

फोन लागला. मामा खुश होऊन म्हणाले, "हां, नमस्कार ताई. बोलू का? मंग ऐका. गेल्या साली मी तुमचं सोयाबीन टाकलं, निम्मं उगवलंच न्हाई बघा. औंदा तसंच व्हईल का, का जमीन बदलावं लागंल?"

पलीकडून आवाज तालुके वाचत होता. मामा थांबले. "न्हाई न्हाई, बदनापूरचा न्हाई मी," ते नम्रपणे म्हणाले. "भोकरदनचा बी न्हाई." प्रत्येक तालुक्याला ते नाही म्हणत गेले. शेवटी इतर जिल्हा आलं तसे ते गडबडले. फोन कानापासून दूर धरून त्यांनी अण्णांना विचारलं, "आरं, मी कुठला म्हणू? घर गेवराईत, पर आपलं सगळं शहागडलाच की."

"शहागडचं बटण दाब."

"शहागडचं न्हाईच वाचलं तिनं."

"मंग तिलाच इचार."

"इचारतो की, पर ती ऐकतच न्हाई. आपलंच बोलून राह्यली." एवढ्यात फोन तुटला. मामांनी पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "शेवटी धन्यवाद म्हणाली बघ. तेवढं तरी बराबर म्हणाली."

अण्णा खो खो हसले. मला हसू आलं नाही. मी मामांजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "मामा, बी कुठून घेता?"

"हितूनच. बाजाराला आलो की घेतो."

"आणि खत? औषध? ट्रॅक्टरचं काम?"

"हितंच. येडा हाय का तू? बाजार ज्याचा, सगळं त्याचं."

तालुका हा कागदाचा होता. सातबारा काढायला, दाखला काढायला माणूस तालुक्याला जातो, तेही नाइलाजानं. पण बियाणं, मीठ, चप्पल, लग्नाचा बस्ता आणि गावोगावच्या खबरी यासाठी तो बाजाराला जातो. कुणी विचारलं कुठले, तर त्याच्या तोंडी आधी बाजाराचं नाव येतं. मीही लहानपणापासून हेच करत आलो होतो. शहागड अंबड तालुक्यात आहे हे मला शाळेच्या दाखल्यावरून कळलं होतं. तरीही ऑफिसात बसून मला हे सुचलं नव्हतं.

सोमवारी ताईंना सांगितलं. सांगताना अडखळत होतो, कारण चुकलो तर हसं होईल असं वाटत होतं. ताई हसल्या नाहीत. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि सरांना हाक मारली, "सर, इकडं या. पोरगं काय म्हणून राह्यलं बघा."

ते सर मंठ्याकडचे. आवाज एवढा मोठा की त्यांना फोनची गरजच नाही असं ताई म्हणायच्या. दुपारच्या जेवणाच्या वेळी डबे उघडे ठेवून आम्ही कोणती गावं कोणत्या बाजाराला जातात ते बोलायला बसलो, आणि बघता बघता भांडण पेटलं.

"आमच्या मंठ्याला सगळे येतात," सर म्हणाले. "परतूरकडचे येतात, जिंतूरकडचे येतात, पार लोणारकडचे येतात."

"मुंबईचे बी येत असतील," ताई म्हणाल्या.

"येतात ना. दिवाळीला."

"सर, भाकर खा जल्दी. मंठ्याचा बाजार पळून न्हाई जात."

दुसरे सर कमी बोलणारे. ते मधेच एवढंच म्हणाले, "माझी सासुरवाडी परतूर तालुक्यात आहे. बाजार मंठ्याचाच करतात." हे ऐकून मंठ्याच्या सरांनी खटला जिंकल्यासारखी मांडीवर थाप मारली.

या भांडणातून नवा तक्ता निघाला. तालुके नाहीतच. फक्त तीन गट, तिघांसाठी तीन. शहागड, अंबड आणि गोदाकाठच्या बाजारांना जाणारे कमी बोलणाऱ्या सरांकडे. मंठा, परतूर आणि त्या बाजूचे मंठ्याच्या सरांकडे. बदनापूर, जालना, भोकरदनकडचे ताईंकडे. जिल्हा कोणता हे विचारायचंच नाही. गेवराईचा माणूस शहागडच्या बाजाराला येतो ना, मग तो आमचा. आणि सगळ्यात शेवटी एक नियम, ज्यासाठी मी हट्ट धरला, माझ्या स्वभावात नसूनही. काहीच दाबलं नाही तरी फोन तोडायचा नाही. तो ताईंकडे वाजला पाहिजे. त्या मोकळ्या नसतील तर दोन्ही सरांपैकी जे मोकळे त्यांच्याकडे.

व्यवस्थापक साहेबांकडे परवानगी मागायला ताईच गेल्या, मी त्यांच्या मागे उभा होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बिघडलं तर आहे तसं परत करता येईल का?"

"हो सर. आधीचा तक्ता जपून ठेवतो."

"मग करा. तसंही गमवायला आपल्याकडे काय उरलंय?"

आता नवा आवाज हवा होता. जुना आवाज शुद्ध होता, पण आमच्याकडच्या कुणाचाच नव्हता. ताईंनी स्वतः बोलायचं ठरलं. सुरुवात कशी करायची यावर पुन्हा चर्चा झाली. मंठ्याचे सर म्हणाले राम राम म्हणा. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याच्या घरी जय भीम म्हणतात. खालच्या मजल्यावरचे चाचा सलाम म्हणतात. फोन सगळ्यांचा आहे. मी नमस्कार म्हणते, त्यात सगळे आले." मला बरं वाटलं. का ते सांगता येणार नाही, पण बरं वाटलं.

रेकॉर्डिंगला गोदाम निवडलं, कारण बियाणाच्या पोत्यांमध्ये आवाज घुमत नाही. ताई आधी एकदम बातम्यांसारख्या बोलल्या. सर म्हणाले, "ताई, पावसाचा अंदाज सांगताय का?" मग त्यांनी डोळे मिटले आणि समोर कुणी उभं असल्यासारखं म्हणाल्या, "नमस्कार. तुम्ही बाजाराला कुठं जाता? शहागड, अंबडकडं जात असाल तर एक दाबा. मंठा, परतूरकडं जात असाल तर दोन. बदनापूर, जालना, भोकरदनकडं जात असाल तर तीन. न्हाई दाबलं तरी चालतंय, फोन ठेवू नका, मी येतेच." शेवटचं वाक्य कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते त्यांच्या तोंडून आपोआप आलं आणि आम्ही तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, फोन थंडावलेले असताना, मी नवे नियम घातले. ताईंनी आपल्या मोबाईलवरून कंपनीचा नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. आम्ही सगळे वाकून बसलो.

'कृपया आपला तालुका निवडा.'

तोच जुना आवाज. पुन्हा लावला, पुन्हा तोच. मंठ्याच्या सरांनी माझ्याकडं न बघता डब्याचं झाकण लावलं. साहेब दारात उभे होते, ते आत निघून गेले. मला वाटलं, आता उठावं आणि सरळ शहागडची बस धरावी.

मी तक्ता वरपासून वाचत आलो. सगळे नियम बरोबर होते. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. मग एकदम लक्षात आलं. हे यंत्र नियम वरून खाली वाचतं आणि जो पहिला लागू पडतो तिथंच थांबतं. खालचे बघतसुद्धा नाही. जुना तालुक्याचा नियम वर बसला होता आणि येणारा प्रत्येक फोन तोच गिळत होता. माझे नवे नियम सगळ्यात खाली होते, तिथवर एकही फोन पोचत नव्हता. मी ते खाली का घातले? कारण कुठंही गेलो की मागच्या रांगेत उभं राहायची मला सवय आहे. नवा माणूस पुढं कसा घुसेल?

मी बाजाराचा नियम उचलला आणि सगळ्यांच्या वर नेऊन ठेवला. एका ओळीचं काम. "ताई, परत लावा," म्हणालो, आणि माझा आवाज जरा मोठाच निघाला.

"नमस्कार. तुम्ही बाजाराला कुठं जाता?"

ताईंनी स्वतःचाच आवाज ऐकला आणि तोंडाला पदर लावला. मंठ्याच्या सरांनी दोन दाबलं. त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. ते चार पावलांवर होते, तरी पळत गेले, फोन उचलला आणि ओरडले, "बोला मंठा!" शेजारच्या हिशेब विभागातले लोक उठून बघायला आले. मग काहीच न दाबता लावून बघितला. ताईंचा फोन वाजला. नववं बटण उरलंच नव्हतं.

त्या दुपारपासून फोन वाजायला लागले. आधी लोक बिचकायचे, मग पेरण्या सुरू झाल्या तशी झुंबड उडाली. तीन हेडफोन कमी पडायला लागले. मी तहान लागली तरी उठायचो नाही, पडद्यावर येणारे फोन बघत बसायचो. एक ओळ उगवायची, बाजार ओळखायची आणि सरळ आपल्या माणसाकडं जायची. ते बघताना मला जे वाटायचं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत. एवढंच म्हणतो की दहावीचा निकाल लागला तेव्हाही मी इतका खुश नव्हतो. मंठ्याचे सर फोनवर ओरडत होते, "दादा, कुदळीएवढं खोल नका टाकू, बी हाय ते, धन न्हाई पुरायचं!" आणि पलीकडचा माणूस हसत होता, ते हसणं खोलीभर ऐकू येत होतं. एकदा तर कमी बोलणारे सर एका शेतकऱ्याशी एवढा वेळ बोलले की आम्ही तिघं काम सोडून त्यांच्याकडं बघत राहिलो. फोन ठेवून ते म्हणाले, "गेवराईचे होते. शहागडला चाक बदलायला आल्ते, म्हणाले."

"मामा?" मी विचारलं.

"नाव नाही विचारलं. उगवण तपासून मगच पेरा म्हणालो. ओल्या पोत्यात दाणे गुंडाळून बघतो म्हणाले. आणि म्हणाले, औंदा ताई ऐकते."

सगळ्यात गर्दीच्या दिवसांत हैदराबादचे मोठे साहेब न सांगता आले. त्यांनी कुणाशी काही न बोलता कोपऱ्यात खुर्ची घेतली आणि स्वतःच्या मोबाईलवरून आमचा नंबर लावला. मला ते पडद्यावर दिसलं. ते मूळचे मराठीच, पण अनेक वर्षं बाहेर राहिलेले. त्यांनी काहीच दाबलं नाही. फोन ताईंकडं वाजला.

"बोला दादा," ताई म्हणाल्या. त्यांना माहीत नव्हतं कोण आहे.

"तुम्ही बाजार विचारता. मी कोणत्याच बाजाराला जात नाही," कोपऱ्यातून साहेब म्हणाले.

"अगं बाई! मंग तुमच्या घरचं मीठ-मिरची कोण आणतं?"

"बायको."

"मंग फोन वहिनींना द्या. बियाणाचं बी त्यांनाच सांगते, जल्दी कळंल."

मंठ्याच्या सरांनी ताईंना डोळ्यांनी खुणावायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. ताईंनी मान वळवली, साहेबांना बघितलं आणि जीभ चावली. साहेब मात्र हसले. मोठ्यानं, टेबलावर हात टेकून. मग ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी तक्ता बघितला. बाजाराचा नियम सगळ्यात वर का आहे ते विचारलं. मी सांगितलं. न अडखळता सांगितलं. त्यांनी अहवाल काढायला लावला. तुटलेल्या फोनच्या रकान्यात तुरळक नोंदी उरल्या होत्या, त्याही बहुतेक रेंज गेल्याच्या.

"निर्णय माझा एकट्याचा नाही," जाताना ते ताईंना म्हणाले. "वर मांडतो. कळवतो."

ताईंनी मान हलवली. "कळवा. फक्त एक दाबा नका म्हणू."

माझं प्रशिक्षण संपलं, पेरण्या संपल्या, पण वरून काही कळलं नाही. मी कॉलेजात परत गेलो. अधूनमधून ताईंना फोन करायचो. नमस्कार, तुम्ही बाजाराला कुठं जाता, ऐकायचो, तीन दाबायचो, आणि ताई उचलायच्या. "अजून काही न्हाई रे," एवढंच सांगायच्या. एकदा म्हणाल्या की हैदराबादहून कुणी नवीन टेबलांची मापं विचारत होतं, तिथं फोनची खोली वाढवून राह्यले बहुतेक. त्यानंतर मी फोन करायचं टाळलं. मला वाईट ऐकायचं नव्हतं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी फोन बंद करून बाहेर ठेवावा लागतो. परीक्षा झाली, बाहेर आलो, फोन चालू केला तर अण्णांचे फोनवर फोन येऊन गेलेले. अण्णा कधी असं करत नाहीत. लावला.

"कुठं मेल्ता रे?" अण्णांच्या मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. "तुझ्या ऑफिसातल्या ताईंचा फोन आल्ता. तुझा लागंना म्हणून हितं केला. दुकानाच्या बोर्डावरला नंबर कुणाकडनं तरी घेतला म्हणे."

"काय म्हणाल्या अण्णा?"

"थांब, हवा भरून राह्यलो, दोन्ही हात गुतले." मशीनचा आवाज आला, मग तो बंद झाला. "हां. म्हणाल्या, टेबल जालन्यातच ऱ्हाणार. पक्कं झालं. त्या बदनापूरहूनच येणार-जाणार."

मी जिन्यावर खाली बसलो.

"आजून हाय. त्या टेबलांची मापं इचारत होते ना कुणी? ती हैदराबादची न्हाईत म्हणे. बीडला आणि परभणीला असंच टेबल बसवायचं हाय. बाजारावरनं. आणि ते तुला येऊन बसवून दे म्हणलेत. आयकून राह्यला का? बोल की. रडतो का काय येड्या?"